विश्लेषण : शिर्डीत राहून आयर्नमॅनची तयारी, आठवड्याला नेमके किती तास लागतात?

नाशिकहून पहाटे सायकलवर निघायचे, सिन्नरमार्गे शिर्डी गाठायची, दर्शन घ्यायचे आणि सायकल गाडीवर टाकून परतायचे. असे गट आता नवे राहिलेले नाहीत. हे अंतर साधारण ९० किलोमीटर. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये मात्र हा सगळा प्रवास म्हणजे केवळ मधला टप्पा. त्याआधी जवळपास दोन किलोमीटर पोहायचे आणि सायकल ठेवताच २१ किलोमीटर धावायचे. तेही ‘अर्ध्या’ स्पर्धेत. पूर्ण स्पर्धेत पोहणे दुप्पट, सायकलवर नाशिकला जाऊन शिर्डीला परत येण्याइतके अंतर आणि वर पूर्ण मॅरेथॉन.

ही स्पर्धा करणारे बहुतेक जण व्यावसायिक खेळाडू नसतात. नोकरी, दुकान, दवाखाना, शेती सांभाळून ते तयारी करतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘रोज किती किलोमीटर करावे लागतील?’ प्रश्न रास्त आहे, पण या खेळात हिशेब किलोमीटरपेक्षा तासांचा असतो. आठवड्याला किती तास देता येतील आणि ते सलग किती महिने पाळता येतील, यावर सगळे ठरते. तो हिशेब कसा करायचा, समजून घेऊ.

लांब पल्ल्याची ट्रायथलॉन म्हणजे नेमके किती अंतर?

पोहणे, सायकल आणि धावणे हे तीन प्रकार याच क्रमाने, मध्ये घड्याळ न थांबवता करायचे, म्हणजे ट्रायथलॉन. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. ऑलिम्पिकमधले अंतर १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणे इतके असते. लांब पल्ल्यात दोन प्रमुख अंतरे आहेत.

• अर्धे अंतर : १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणे. एकूण ११३ किमी.
• पूर्ण अंतर : ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणे. एकूण २२६ किमी.

‘आयर्नमॅन’ हे खरे तर एका कंपनीचे ब्रँडनाव आहे. पण बोलताना पूर्ण अंतराच्या कोणत्याही स्पर्धेला सर्रास आयर्नमॅन म्हटले जाते. अर्ध्या अंतराला ‘७०.३’ म्हणतात, कारण ११३ किलोमीटर म्हणजे ७०.३ मैल. कोल्हापूरच्या ‘बर्गमन ११३’ स्पर्धेच्या नावातला आकडाही हाच.

स्पर्धा आली कुठून? महाराष्ट्रातून कोणी पूर्ण केली आहे?

पहिली आयर्नमॅन १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर झाली. अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स यांनी बेटावरची पोहण्याची शर्यत, सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन या तिन्ही एका दिवसात करण्याची कल्पना मांडली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. विजेते गॉर्डन हॉलर यांना पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला.

मराठी वाचकांना हे नाव घरोघरी माहीत झाले ते २०१५ मध्ये. अभिनेते मिलिंद सोमण यांनी त्या वर्षी झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. पुण्याचे कौस्तुभ राडकर हे मूळचे राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. त्यांनी अनेक आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केल्या आणि पुढे ते प्रशिक्षक झाले.

अहिल्यानगर जिल्ह्याशी थेट नाते असलेले नाव म्हणजे आयपीएस अधिकारी कृष्ण प्रकाश. जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक म्हणून त्यांनी काम केले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये फ्रान्समधील विशी येथील पूर्ण अंतराची आयर्नमॅन त्यांनी १४ तास ८ मिनिटांत पूर्ण केली. पुढच्याच वर्षी नाशिकचे तत्कालीन पोलीस आयुक्त रवींद्र सिंगल यांनीही फ्रान्समध्ये हे अंतर पार केले. पोलीस खात्यात दिवस कधी संपेल याचा भरवसा नसतो. तरीही हे जमले, म्हणून नोकरदारांसाठी ही उदाहरणे महत्त्वाची ठरतात.

आयर्नमॅन ब्रँडची अर्ध्या अंतराची स्पर्धा गोव्यात २० ऑक्टोबर २०१९ रोजी पहिल्यांदा झाली. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरून समुद्रात पोहण्याने ती सुरू होते. करोनाकाळातल्या खंडानंतर ती २०२२ मध्ये परत आली. भाजप खासदार तेजस्वी सूर्या यांनी २०२४ मध्ये ती ८ तास २७ मिनिटांत पूर्ण केली. साडेआठ तासांची मर्यादा पाहता हाताशी जेमतेम तीन मिनिटे उरली होती.

वेळमर्यादेचे गणित काय सांगते?

सराव किती हवा, हे ठरवताना शेवटापासून मागे यावे लागते. पूर्ण अंतरासाठी बहुतेक स्पर्धांत १७ तासांची मर्यादा असते, पण ती एकमेव मर्यादा नाही. पोहणे २ तास २० मिनिटांत आणि सायकल सुरुवातीपासून साडेदहा तासांत संपवावी लागते. अर्ध्या अंतराला हे आकडे साधारण १ तास १० मिनिटे, साडेपाच तास आणि साडेआठ तास असे असतात. स्पर्धेनुसार थोडा फरक पडतो. त्यामुळे त्या त्या स्पर्धेचे माहितीपत्रक पाहणे आवश्यक.

प्रत्येक टप्प्यात मर्यादेला टेकून पुढे गेलो आणि कपडे-बूट बदलायला प्रत्येक वेळी १० मिनिटे धरली, तर लागणारा किमान वेग असा निघतो :

• पोहणे : दोन्ही अंतरांत १०० मीटरला सुमारे ३ मिनिटे ४० सेकंद.
• सायकल : अर्ध्यात ताशी सुमारे २१.६ किमी, पूर्णमध्ये ताशी २२.५ किमी. पंक्चर, पाणी, थांबे सगळे धरून.
• धावणे : अर्ध्यात किलोमीटरला सुमारे ८ मिनिटे, पूर्णमध्ये ९ मिनिटे.

सुटे सुटे पाहिले तर यातला एकही आकडा भीतीदायक नाही. किलोमीटरला ९ मिनिटे हा भरभर चालणे आणि हळू धावणे यांच्या मधला वेग आहे. अवघड आहे ते हे सगळे एकापाठोपाठ करणे. आठ तास सायकल चालवून उतरलेल्या पायांना तोच वेग सहा तास टिकवायचा असतो.

या गणितातून आणखी एक गोष्ट कळते. प्रत्येक टप्प्याला वेगळी मर्यादा असल्याने एका प्रकारातली ताकद दुसऱ्यातली कमतरता पूर्णपणे झाकत नाही. नाशिक-शिर्डी तीन तासांत मारणारा सायकलस्वार पोहण्यात १ तास ११ मिनिटांनी बाहेर आला, तर त्याची सायकल जागेवरच राहते. म्हणून सरावाचे पहिले तास आवडत्या प्रकाराला नव्हे, सर्वांत कच्च्या प्रकाराला द्यावे लागतात.

मग सराव किती हवा?

प्रशिक्षकांच्या आराखड्यांत फरक असतो, पण हौशी स्पर्धकांसाठी ढोबळ चौकट साधारण अशी असते.

• अर्धे अंतर : १६ ते २० आठवडे. आठवड्याला ६ ते १० तास.
• पूर्ण अंतर : २४ ते ३६ आठवडे. सुरुवातीला आठवड्याला ८ ते १० तास, शेवटच्या मोठ्या आठवड्यांत १२ ते १६ तास.

हा हिशेब तिन्ही प्रकार आधीपासून थोडेफार येणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे न थांबता ४०० मीटर पोहता येते, दोन तास सायकल चालवता येते आणि पाच-सहा किलोमीटर धावता येते. ज्याला पोहताच येत नाही किंवा ज्याने वर्षानुवर्षे व्यायाम केलेला नाही, त्याने आधी सहा महिने ते वर्षभराचा पाया धरावा. एका व्यावसायिक ट्रायथलीटचा आठवडा २५ ते ३० तासांपर्यंत जातो. समाजमाध्यमांवर दिसणारे त्याचे वेळापत्रक नोकरदाराने उचलणे म्हणजे दुखापतीला आमंत्रण.

अर्ध्या अंतरासाठी १८ आठवडे सरासरी साडेसात तास धरले, तर एकूण १३५ तास होतात. पूर्ण अंतरासाठी ३० आठवडे सरासरी १० तास धरले, तर ३००. म्हणजे अंतर दुप्पट, पण सराव दुपटीहून अधिक. शिवाय तलावापर्यंत जाणे-येणे, सायकलची साफसफाई आणि जास्तीची झोप हे तास या बेरजेत नाहीत.

यात सातत्य सर्वांत महत्त्वाचे. एका आठवड्यात १४ तास आणि पुढचे दोन आठवडे शून्य, यापेक्षा दर आठवड्याला सात तास केव्हाही चांगले. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. स्नायूंना हाडाशी जोडणारे टेंडन आणि हाडे यांना मात्र काही महिने लागतात. दम लागत नाही म्हणून धावणे एकदम वाढवले की नडगी, टाच, गुडघा तक्रार करू लागतात. म्हणूनच तीन आठवडे थोडे थोडे वाढवून चौथा आठवडा हलका ठेवण्याची पद्धत आहे.

आठवडा प्रत्यक्षात कसा दिसतो?

अर्ध्या अंतरासाठी मध्यावर आलेल्या स्पर्धकाचा आठ तासांच्या आसपासचा आठवडा असा असू शकतो :

• सोमवार : ताकदीचे व्यायाम, ३० मिनिटे
• मंगळवार : पोहणे, ४५ मिनिटे
• बुधवार : सायकल, १ तास
• गुरुवार : धावणे, ५० मिनिटे
• शुक्रवार : पोहणे, ४५ मिनिटे
• शनिवार : सायकल अडीच तास आणि उतरताच १५ मिनिटे धावणे
• रविवार : लांब धाव, सव्वा तास

शनिवारच्या जोडसरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. सायकलवरून उतरल्यावर पहिली काही मिनिटे पाय दुसऱ्याचेच वाटतात. शरीराला त्या बदलाची सवय लावायची, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी दर वेळी तासभर धावायची गरज नसते.

वेळेचा सर्वांत मोठा वाटा, साधारण निम्मा, सायकलकडे जातो. स्पर्धेतही सर्वाधिक वेळ तिथेच जातो आणि सायकलमुळे सांध्यांवर आदळआपट न होता दम वाढतो. सरावात पूर्ण अंतर एकदम करण्याचा हट्ट नको. अर्ध्या अंतरासाठी ८० ते ९० किमी सायकल आणि १६ ते १८ किमी धावणे, तर पूर्ण अंतरासाठी पाच-सहा तासांची सायकल आणि २८ ते ३० किमीची धाव वेगवेगळ्या दिवशी जमली, की बहुतेक प्रशिक्षक समाधानी असतात. त्यापुढच्या अंतराने फायदा थोडा आणि थकवा मोठा, असा व्यवहार होतो.

शिर्डीत राहणाऱ्याने हा आठवडा कसा बसवायचा?

जगभरचे आराखडे शनिवार-रविवारच्या सुटीवर उभे असतात. शिर्डीचे घड्याळ उलटे चालते. गुरुवार, शनिवार, रविवार, तसेच रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याचे दिवस म्हणजे गर्दी. हॉटेल, प्रसाद-हारांचे दुकान, वाहतूक या व्यवसायांत असलेल्यांना तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते आणि रस्तेही गाड्यांनी भरलेले असतात. अशांनी लांब सायकल मंगळवारी किंवा बुधवारी घ्यावी आणि गर्दीचे दिवस विश्रांतीला किंवा अर्ध्या तासाच्या धावेला ठेवावेत. आराखड्यात वाराला महत्त्व नसते. दोन कठीण दिवसांमध्ये अंतर राहिले की पुरे.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. समृद्धी महामार्ग शिर्डीजवळून जातो, पण त्यावर दुचाकीलाही परवानगी नाही, सायकलला तर नाहीच. नगर-मनमाड मार्गावर अवजड वाहनांची वर्दळ असते. पहाटेच्या अंधारात तिथे तासन् तास सरावाची जोखीम घेण्यात अर्थ नाही. उजाडल्यावर आडरस्त्यांवर १५-२० किलोमीटरचा ओळखीचा फेरा धरून त्याच्या चार-पाच आवर्तनांत लांब सराव करता येतो. पंक्चर झाले तरी घर जवळ असते. आठवड्यातले छोटे सराव घरी ट्रेनरवर, म्हणजे मागचे चाक बसवायच्या स्टँडवर होऊ शकतात. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि भडक रंगाचा टीशर्ट यांत तडजोड नको.

गटाने सायकल चालवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयर्नमॅन प्रकारच्या स्पर्धेत पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवायला बंदी असते. गटात ताशी २८ ने येणाऱ्याला एकट्याने वाऱ्याशी झुंजताना तोच वेग मिळत नाही. त्यामुळे किमान निम्मा लांब सराव एकट्याच्या बळावर हवा.

तिसरा प्रश्न हवामानाचा. गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, म्हणजे २० आठवड्यांचा सराव जूनच्या आसपास सुरू होतो. जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेत असल्याने पावसाळ्यातही बाहेर पडता येते, ही जमेची बाजू. पण शिर्डीची हवा कोरडी आणि गोव्याची दमट. दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. स्पर्धेआधीच्या महिन्यात काही हलक्या धावा मुद्दाम उन्हे चढल्यावर, पाणी सोबत ठेवून केल्यास मदत होते.

विहिरीत पोहायला शिकलेल्याला हे पोहणे जमेल का?

गावाकडे अनेक जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. पाण्याची भीती नाही, हे त्यांचे मोठे भांडवल. पण विहिरीतले पोहणे डोके वर ठेवून, काठापासून काठापर्यंत असते. १.९ किलोमीटर म्हणजे २५ मीटरच्या तलावात ७६ फेऱ्या आणि पूर्ण अंतराला १५२. हॉटेलच्या छोट्या तलावात फेऱ्या आणखी वाढतात आणि प्रत्येक काठाला ढकलून मिळणारा फायदा समुद्रात मिळत नाही.

ट्रायथलॉनमध्ये कोणत्याही शैलीने पोहायला मुभा असते. १०० मीटरला ३ मिनिटे ४० सेकंद हा वेग बेडूक पद्धतीनेही निघू शकतो. तरीही फ्रीस्टाइल शिकण्याचा सल्ला दिला जातो, कारण बेडूक पद्धतीत पाय जास्त दमतात आणि पुढे त्याच पायांवर सगळा दिवस काढायचा असतो. पोहण्यात ताकदीपेक्षा तंत्र मोठे. चुकीच्या हातांनी सहा महिने फेऱ्या मारण्यापेक्षा दीड-दोन महिने चांगल्या शिक्षकाकडे शिकणे स्वस्त पडते. त्यासाठी आठवड्यातून एकदा नाशिकच्या वीर सावरकर जलतरण तलावासारख्या ठिकाणी जावे लागले, तरी ती फेरी सत्कारणी लागते.

उघड्या पाण्याचा अनुभव मात्र तलावात मिळत नाही. तळ दिसत नाही, लाट तोंडावर येते, शेजारच्याचा हात लागतो आणि दिशा चुकते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेसारख्या ठिकाणी बचाव पथक असलेल्या पाण्यात आधी उतरून पाहणे उत्तम. कालवा, धरण किंवा नदीत एकट्याने सराव करणे पूर्णपणे टाळावे. पाटाला आवर्तन सुटले की पाण्याची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही.

प्रत्येक सराव दमवणारा असायला हवा का?

नाही. नवख्यांची सर्वांत मोठी चूक हीच. क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी दमसासाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा साधारण ८० टक्के सराव हलका आणि २० टक्के जोराचा, असे प्रमाण दिसले. हलका म्हणजे शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतका.

रामनवमीला मुंबईहून पालख्यांसोबत शिर्डीला येणारे पदयात्री सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर चालतात. त्यांत साठीच्या आजीही असतात. कोणी धावत नाही, गाणी म्हणत, बोलत, थांबत, रोज ठरावीक टप्पा गाठतात. लांब अंतर पार करण्याचे तत्त्व तेच आहे. वेग कमी ठेवला की शरीर चरबीचा अधिक वापर करते, साखरेचा साठा पुरवून वापरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहते. रोज धापा टाकणाऱ्याचा दुसरा दिवस वाया जातो आणि आठवड्याचे तास भरतच नाहीत.

खाण्यापिण्याचाही सराव करावा लागतो?

हो, आणि अनेकांची स्पर्धा इथेच संपते. स्नायू आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदके साठवलेली असतात. ती सुमारे दोन हजार कॅलरी देतात आणि हा साठा काही तासांतच आटतो. म्हणून सायकलवर दर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके घ्यावी लागतात. सवय असल्यास ९० ग्रॅमपर्यंत. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. म्हणजे तासाला दोन केळी आणि थोडे साखरेचे पेय.

इथे दोन गैरसमज टाळावेत. एक, ओआरएस म्हणजे ऊर्जा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये केवळ १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. ते क्षारांसाठी चांगले, पण पोटापुरते नाही. दोन, पाणी जितके जास्त तितके चांगले, हेही खरे नाही. तासन् तास नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते. तहानेनुसार पिणे आणि क्षार घेणे, हा सुरक्षित मार्ग.

राहात्याचा पेरू सराव संपवून घरी आल्यावर खावा. सायकलवर तंतुमय फळे पोट बिघडवू शकतात. स्पर्धेत जे खायचे, ते आधी किमान आठ-दहा लांब सरावांत खाऊन पाहिलेले असावे.

धोका कुठे आहे?

अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ दरम्यानच्या ट्रायथलॉनमधील मृत्यू आणि हृदय अचानक बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात आला. एकूण १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. प्रमाण लाख सहभागींमागे दोनहून कमी, म्हणजे घाबरून जाण्याइतके नाही. पण शवविच्छेदनाचे अहवाल मिळालेल्यांपैकी अनेकांत हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा दोष आढळला. बळी पडलेल्यांत मध्यमवयीन पुरुष अधिक होते.

म्हणून पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी प्रवेश शुल्क भरण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. छातीत दाब, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप ही लक्षणे ‘स्टॅमिना कमी आहे’ म्हणून सोडून देऊ नयेत. स्पर्धेत पाण्यात घाबरायला झाले, तर हात वर करून मदत मागावी. बचाव पथकाच्या कयाकला धरून विश्रांती घेता येते. तिच्या आधाराने पुढे सरकले नाही, तर स्पर्धक बाद होत नाही.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत काय करायचे?

कमी. याला ‘टेपर’ म्हणतात. सरावाचे तास टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत आणायचे, अधूनमधून थोडा वेग ठेवायचा आणि झोप वाढवायची. आजारपणात किंवा कामात बुडालेले सराव या काळात भरून काढता येत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणे इथे उपयोगाचे नाही. नवे बूट, नवे खाणे, सायकलच्या सीटची नवी उंची, हे सगळे प्रयोग या टप्प्याआधी संपलेले असावेत.

अर्धे की पूर्ण, कसे ठरवायचे?

घरी बसून एक साधी चाचणी करता येते. नोंदणीआधी सलग चार आठवडे, आठवड्याला सहा तास वेळ काढून पाहायचा. वेग, अंतर काहीही असो. सणवार, गर्दी, घरातले आजारपण, कामाची जादा पाळी या सगळ्यांतून चारही आठवडे सहा तास निघाले, तर अर्ध्या अंतराचा आराखडा हाती घ्यायला हरकत नाही. ते पार करून, पुढच्या वर्षी दहा-बारा तास देता येतील असे वाटले, तर पूर्ण अंतराचा विचार. त्यातही तो निर्णय एकट्याने घेऊ नये. मोठ्या आठवड्यांत पहाटे घर सोडून दुपारी दमून परतणाऱ्या माणसाच्या वाट्याची कामे घरातले दुसरे कोणीतरी करत असते. वेळापत्रक त्या व्यक्तीसोबत बसून केले, तरच ते सहा महिने टिकते.

चार आठवडे सहा तास निघाले नाहीत, तरी हरकत नाही. १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल आणि १० किमी धावण्याची ऑलिम्पिक अंतराची स्पर्धा आठवड्याच्या चार-पाच तासांत तयार करता येते. ४० किलोमीटर म्हणजे शिर्डीहून कोपरगावला जाऊन परत येणे आणि वर थोडेसे.